हिरवे झाडच एकगुणित, मग मॉसमध्ये नवी प्रजाती येते कुठून?

प्रश्न नागपुरातल्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. तो थोडक्यात असा: मॉस कोट्यवधी वर्षे जवळपास तशीच दिसत आली, तर त्यांचा जिनोमही, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, जागच्या जागी थांबला आहे का? मॉसच्या हिरव्या झाडात गुणसूत्रांचा एकच संच असतो, मग गहू-कापसात शिकवतात तशी संच दुप्पट होऊन नवी प्रजाती इथे कशी होणार? शिवाय फुटाळा तलावाच्या काठच्या गाळावरून तिने फिस्कोमिट्रियम या मॉसचे दोन नमुने आणलेत. एकाचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, दुसऱ्यापेक्षा ठळक मोठे आहेत. ही वेगळी प्रजाती धरायची का?

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात मजेदार आहे, पण त्याचे उत्तर दुसऱ्यात अडकलेले आहे. म्हणून आधी पहिला उरकून घेऊ.

रूप टिकले म्हणजे जिनोम टिकला, असे काही नसते. टाकाकियाचे उदाहरण घ्या. ही हिमालयातली चिमुकली वनस्पती एकोणिसाव्या शतकात सिक्कीमच्या नमुन्यांवरून वर्णिली गेली आणि कित्येक वर्षे मॉसच्या नात्यातल्या लिव्हरवर्ट या गटात मोजली गेली. १९९०च्या दशकात अल्युशियन बेटांवर तिची कॅप्सूल, म्हणजे स्पोअरची कुपी, लागलेली झाडे सापडली, तेव्हा कुठे ती मॉसच आहे हे ठरले. २०२३ मध्ये तिचा जिनोम प्रसिद्ध झाला. घराणे सुमारे ३९ कोटी वर्षांचे, बाहेरचे रूप अगदी साधे, आणि तरी झपाट्याने बदलणाऱ्या जनुकांची संख्या लक्षणीय. म्हणजे पानांची ठेवण तीच राहिली, पण अतिनील किरण आणि थंडी सोसण्याची आतली यंत्रणा बदलत राहिली. वर्गात मॉसला ‘आदिम’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे आहे.

प्रयोगशाळेतली लाडकी मॉस म्हणजे फिस्कोमिट्रियम पेटन्स. जुन्या पुस्तकांत ती फिस्कोमिट्रेला म्हणून भेटेल. तिचा जिनोम २००८ मध्ये वाचला गेला. फुलझाडांच्या बाहेरच्या जमिनीवरील वनस्पतींत हा पहिलाच. २०१८ मध्ये तो गुणसूत्रनिहाय जुळवला गेला आणि तिचा इतिहास बराच स्पष्ट झाला. मुळात ७ गुणसूत्रे. संपूर्ण जिनोम एकदा दुप्पट झाला, १४ झाली. त्यातले एक गेले, दोन एकमेकांना चिकटली, १२ उरली. पुन्हा दुप्पट, २४. मग काही तुटली, काही जोडली गेली आणि आजची २७ झाली. एवढे सगळे होऊनही जिनोम जेमतेम ५० कोटी बेसजोड्यांच्या आसपास आहे. मॉसमधल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या जिनोममध्ये साधारण १२ पटींचाच फरक मोजला गेला आहे. याउलट नेच्यांच्या नात्यातल्या टमेसिप्टेरिसचा जिनोम १६० अब्ज बेसजोड्यांचा निघाला, हे २०२४ मधले मोजमाप. मॉसने जिनोम आटोपशीर का ठेवला यावर एक मत असे की, त्यांच्या शुक्रपेशीला पाण्याच्या थरातून पोहत जावे लागते आणि केंद्रक फुगले तर पोहणे अवघड होते. मला ते पटण्यासारखे वाटते, पण तेवढेच एक कारण असेल असे नाही.

आणखी एक गोष्ट सहसा शिकवली जात नाही. फुलझाडांत उड्या मारणारे डीएनए तुकडे, म्हणजे ट्रान्सपोझॉन, गुणसूत्राच्या मध्याजवळ गर्दी करतात आणि जनुके टोकांकडे सरकतात. फिस्कोमिट्रियममध्ये तशी वाटणी नाही. तुकडे आणि जनुके गुणसूत्रभर सारखी मिसळलेली आहेत. सेराटोडॉनसारख्या दूरच्या मॉसशी ताडून पाहिले तर मूळच्या सात गुणसूत्रांचे ठसे अजून ओळखू येतात. म्हणजे जनुकांचे मोठमोठे गट जागेवर राहिले, पण त्या गटांतली जनुके येत-जात राहिली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच: सांगाडा जुना आहे, सामान नवे.

आता मुख्य मुद्दा. तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण पुस्तके प्रजाती-निर्मिती शिकवतात ती फुलझाडे डोळ्यांसमोर ठेवून. तिथे आपण पाहतो ते झाड द्विगुणित, म्हणजे दोन संचांचे, असते. मॉसमध्ये आपण पाहतो, तुडवतो, हर्बेरियमच्या पाकिटात भरतो ते गॅमेटोफाइट, एकाच संचाचे. त्याच्या डोक्यावर उभा राहणारा सीटा, म्हणजे बारीक दांडा, आणि कॅप्सूल हे स्पोरोफाइट. दोन संचांचे, आईच्या झाडावर पोसलेले, थोडक्या दिवसांचे. यातून तीन गोष्टी निघतात.

एक म्हणजे अप्रभावी, म्हणजे एरवी जोडीच्या चांगल्या प्रतीआड झाकल्या जाणाऱ्या, उत्परिवर्तनाला लपायला जागा नाही. एकच प्रत आहे, ती बिघडली की झाड तिथेच भोगते. म्हणून गॅमेटोफाइटमध्ये चालणाऱ्या जनुकांवर निवडीचा चाप थेट बसतो.

दुसरी गोष्ट स्वफलनाची. एकाच झाडावर अंडपेशी आणि शुक्रपेशी दोन्ही असतील, तर त्या माइटोसिसने, संच तसाच ठेवणाऱ्या विभाजनाने, झालेल्या, म्हणजे जनुकीयदृष्ट्या हुबेहूब एकसारख्या असतात. त्यांचा संयोग झाला की स्पोरोफाइट एका फटक्यात पूर्ण समयुग्मजी, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या. गव्हाला जे साधायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात ते मॉस एकाच पिढीत करते. असे झाड एकटे एखाद्या नव्या भिंतीवर पडले तरी त्याचा संसार सुरू होतो.

तिसरी गोष्ट संकराची, आणि माझ्या मते सगळी कहाणी हिच्याभोवती फिरते. दोन फुलझाडांचा संकर झाला की पहिल्या पिढीचे झाड दोन्ही पालकांचे पूर्ण संच घेऊन उभे राहते, बरेचदा जोमदार असते, आणि भानगडी दुसऱ्या पिढीत सुरू होतात. मॉसमध्ये ती पहिली पिढी म्हणजे फक्त कॅप्सूल. ती आईच्या जिवावर निभावून नेते. पण तिच्यात मायोसिस, म्हणजे संच अर्धा करणारे विभाजन, झाला की बाहेर पडणारा प्रत्येक स्पोअर दोन प्रजातींची जनुके उलटसुलट मिसळलेला, आणि तोही एकाच प्रतीचा. अ प्रजातीचे एक प्रथिन ब प्रजातीच्या जोडीदाराबरोबर काम करत नसेल, तर सावरायला दुसरी प्रत नाही. बहुतेक स्पोअर एक तर रुजत नाहीत, नाहीतर प्रोटोनिमाच्या, म्हणजे स्पोअरमधून आधी फुटणाऱ्या हिरव्या तंतूंच्या, पायरीवर खुंटतात. फुलझाडाला मिळणारी एका पिढीची सवलत मॉसला मिळतच नाही.

यातून सुटायची वाट एकच, आणि ती मायोसिस चुकण्याची. कॅप्सूलमध्ये स्पोअर होताना संच अर्धा झालाच नाही, किंवा तुटलेल्या सीट्यातून थेट हिरवे तंतू फुटले, तर तयार होणाऱ्या गॅमेटोफाइटमध्ये अ आणि ब दोघांचे अख्खे संच असतात. त्याने स्वफलन केले की स्पोरोफाइटमध्ये अ-अ आणि ब-ब. आता मायोसिसमध्ये अ आपल्या अ-शी जोडी जमवतो, ब आपल्या ब-शी, आणि स्पोअर पुन्हा स्वच्छ अ-ब निघतात. एका झटक्यात प्रजननक्षम, आणि पालकांपासून तुटलेलेही. कारण पालकाशी पुन्हा संकर झाला तर संच तीन होतात आणि जोड्या जमत नाहीत. तेव्हा मॉस एकगुणित असल्यामुळे बहुगुणितता, म्हणजे संचांची संख्या वाढणे, अशक्य होते असे नाही, उलट एकगुणित असल्यामुळेच तिचे मोल वाढते. मूळ झाडाकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत होती. त्याला पहिल्यांदाच स्टेपनी मिळते. एक प्रत जुने काम करत राहते, दुसरी बिघडू शकते, गळून जाऊ शकते, कधी नवे काम उचलू शकते. फिस्कोमिट्रियमच्या दोन दुपटींनंतर नेमके हेच झालेले दिसते.

सीट्यातून तंतू फुटणे ही कल्पना नाही बरं. बेल्जियममध्ये एली आणि एमिल मार्शाल यांनी १९०७ पासून हे प्रयोग केले. कोवळ्या सीट्याचे तुकडे ओलसर ठेवले, त्यातून प्रोटोनिमा आला आणि त्यावर द्विगुणित संचाची हिरवी झाडे उभी राहिली. गंमत पुढे आहे. ज्या मॉसमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात त्यांच्यातही अशी झाडे उभयलिंगी निघाली. कारण आता आपल्याला ठाऊक आहे: मॉसमध्ये मादीकडे यू आणि नराकडे व्ही गुणसूत्र असते, सीट्यात दोन्ही एकत्र असतात, आणि मायोसिस टळला की दोन्ही त्या झाडातच राहतात. संच दुप्पट झाला की विभक्तलिंगी वंशसुद्धा एकटा संसार करू शकतो. फक्त एकाच प्रजातीचा संच दुप्पट झाला असेल तर चार सारखे संच मायोसिसमध्ये एकमेकांत गुंततात, म्हणून अशी झाडे सुरुवातीला बरेचदा वांझ राहतात. पुढे १९२०च्या दशकात जर्मनीत फ्रिट्झ फॉन वेटस्टाइन याने फ्युनारिया आणि फिस्कोमिट्रियमचे आंतरवंशीय संकर करून दाखवले. आज आपण जिनोम वाचून जे बोलतो त्यातले बरेचसे या लोकांनी साध्या काचेच्या ताटल्यांत आधीच पाहून ठेवले होते.

तरीही पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तके सांगत राहिली की, मॉसमधली बहुगुणितता म्हणजे एकाच प्रजातीचा संच दुप्पट होणे, दोन प्रजातींच्या संकराचा त्यात काही वाटा नाही. कारण? कोणी तपासलेच नव्हते. १९८८ मध्ये प्लॅजिओम्नियम मेडियम या मॉसच्या एन्झाइमांचे पट्टे जेलवर पाहिले गेले. प्लॅजिओम्नियम इलिप्टिकम आणि प्लॅजिओम्नियम इन्सिग्ने या दोन प्रजातींचे वेगवेगळे पट्टे तिच्या एकाच झाडात शेजारी शेजारी मिळाले. एका संचाच्या झाडात असे होऊच शकत नाही. दोन्ही पालक विभक्तलिंगी आहेत, लेक उभयलिंगी. मार्शाल यांचे ताटलीतले निरीक्षण इथे जंगलात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा संकर एकदाच नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे झालेला आहे. एकच प्रजाती म्हणून आपण जिला नाव देतो ती वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जन्मलेली असू शकते. वंशवृक्षावर एक फांदी म्हणजे एक प्रजाती, या हिशेबात हे बसत नाही. माझ्या मते इथे चूक हिशेबाची आहे.

दलदली घडवणाऱ्या स्फॅग्नममध्ये तर हे नेहमीचेच. काही प्रजातींत गुणसूत्रे १९, काहींत ३८, आणि फॅल्कॅट्युलम या प्रजातीत तीन वेगवेगळ्या संचांची गॅमेटोफाइट मिळाली आहेत. स्फॅग्नमच्या आजच्या प्रजातींचा मोठा भाग मायोसीन या भूवैज्ञानिक काळात, उत्तर गोलार्ध थंड होत असताना फुटला असे अंदाज आहेत.

संच दुप्पट न होताही प्रजाती फुटतात, पण ते काम संथ आहे. सेराटोडॉन परप्युरियस ही जगभर पसरलेली मॉस. न्यूयॉर्क आणि इक्वाडोर इथल्या झाडांचा संकर केला तेव्हा स्पोअरमध्ये जनुकांचे प्रमाण निम्मे-निम्मे यायला हवे होते. कित्येक ठिकाणी ते एका बाजूला झुकलेले मिळाले, म्हणजे काही जुळण्या जगतच नव्हत्या. रूप एक, नाव एक, आणि आत भिंत उभी राहू लागलेली. याच मॉसची यू आणि व्ही गुणसूत्रे २०२१ मध्ये वाचली गेली. ती जिनोमचा जवळपास एक तृतीयांश भाग व्यापतात आणि प्रत्येकावर ३,४०० च्या वर जनुके आहेत. माणसाच्या वाय गुणसूत्रासारखी ती झिजलेली नाहीत, कारण मादीला यू आणि नराला व्ही हे एकेकटेच मिळते. त्यावरचे जनुक बिघडले तर झाकून घ्यायला जोडीदार नाही. यू आणि व्ही एकमेकांत जनुकांची देवघेव करत नाहीत. त्यामुळे दोन लोकसंख्या दुरावल्या की इथले फरक साचत जातात.

अंतराचे काय, असे तुम्ही पुढे विचाराल. मॉसचे स्पोअर वाऱ्यावर दूर जातात, तेव्हा नुसत्या डोंगर-नद्यांनी फारशी फूट पडत नसावी असे वाटते. पण फार लांबची एकच उडी पुरते. टेट्राप्लोडॉन फ्युजियॅनस ही दक्षिण अमेरिकेच्या टोकाची मॉस उत्तर गोलार्धातून आलेल्या एकाच स्थलांतरातून झाली असे डीएनए सांगते, आणि वाहक बहुधा स्थलांतर करणारे पक्षी होते. वर सांगितलेले स्वफलन इथे कामी येते: उतरलेले एकटे झाड पुरेसे असते.

आणि जिनोमला बदलायला नेहमी लाखो वर्षे लागतात असेही नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणारे फिस्कोमिट्रियम पेटन्स मुख्यत्वे १९६२ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅन्सडेन वूडमधून उचललेल्या वंशाचे आहे. तुकडे कापून वाढवत वाढवत काही ठिकाणी तो वंश कॅप्सूल धरेनासा झाला. शुक्रपेशीच नीट होत नव्हत्या. म्हणून २००६ मध्ये जर्मनीतल्या रॉयटे इथून गोळा केलेला ताजा वंश वापरात आणावा लागला. आपल्याकडच्या विटांच्या भिंतींवर, कुंपणाच्या चुन्यावर दिसणारी हायोफिला इन्व्होल्युटा ही मॉस बहुतेक वेळा जेमांवरच, म्हणजे गळून नवे झाड होणाऱ्या बारीक तुकड्यांवरच, पसरते. नागपुरातल्या सीताबर्डीची आणि महालातली हायोफिला किती झाडे आहेत आणि किती निव्वळ प्रती, हा एखाद्या चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. कोणी घेत नाही, कारण भिंतीवरच्या मॉसला मान नाही.

आता तुमचे फुटाळ्याचे नमुने. तुम्ही उचललेला वंश बरोबर गडबडीचा आहे. पूर्वी कॅप्सूलचा पानांत बुडालेला आखूड प्रकार दिसला की फिस्कोमिट्रेला म्हणत आणि उंच सीटा दिसला की फिस्कोमिट्रियम. डीएनए पाहिल्यावर कळले की तो आखूड प्रकार किमान तीनदा स्वतंत्रपणे आला आहे; म्हणूनच नाव बदलावे लागले. फिस्कोमिट्रियम युरिस्टोमम, जी भारतातही नोंदलेली आहे, ती स्वतःच संकरातून झाल्याचे पुरावे आहेत. तेव्हा कॅप्सूलच्या रूपावर फार विसंबू नका. उंच सीटा आणि आखूड सीटा यांच्यात थोड्या जनुकांचाही फरक असू शकतो.

मोठे स्पोअर म्हणजे संच दुप्पट असू शकतात, पण एवढ्यावर निकाल देऊ नका. स्पोअरचा आकार पोषणावरही बदलतो. आधी पानाच्या मध्यभागातल्या पेशी मोजा, दोन्ही नमुन्यांत एकाच उंचीवरच्या पानाच्या. संच दुप्पट असेल तर पेशी सहसा मोठ्या दिसतात. ‘सहसा’ म्हणतोय, कारण वेटस्टाइनच्याच ब्रायमच्या द्विगुणित वंशात कालांतराने पेशी आकसून पुन्हा मूळ मापावर आल्या होत्या. मग गुणसूत्रे. कॅप्सूल पुरती फुगलेली पण अजून हिरवी असेल तेव्हाच ती तोडा. आतल्या पेशी साधारण एकदमच मायोसिसमध्ये जातात, त्यामुळे वेळ चुकली की स्लाइडवर फक्त तयार स्पोअर दिसतील. वीसेक कॅप्सूल थोड्या-थोड्या अंतराने फिक्स करून ठेवा, एखादी तरी सापडेल. ॲसिटोकार्मिनच्या रंगाने काम भागते. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आपल्या दमट श्रावणात दोन दिवसांत बुरशी धरेल; कागदी पाकीट बरे.

फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशीतला डीएनए मोजणारे यंत्र, वापरायला मिळाले तर उत्तम, फक्त एका ठिकाणी बहुतेक जण फसतात. मॉसच्या वाढलेल्या गॅमेटोफाइटमध्ये बऱ्याच पेशी विभाजन न करता आपला डीएनए दुप्पट करून बसतात, आणि फिस्कोमिट्रियमच्या प्रोटोनिमातल्या पेशी तर बहुतांशी डीएनए दुप्पट झाल्यावरच्या टप्प्यात थांबलेल्या असतात. म्हणजे यंत्रावर एकाऐवजी दोन-तीन शिखरे येतात आणि एखादा उत्साही माणूस त्यालाच बहुगुणित म्हणून मोकळा होतो. दोन्ही नमुन्यांतले सर्वांत लहान शिखर ताडून पाहा, फांदीच्या कोवळ्या टोकापासून, ताज्या झाडावर, आणि दोन्ही एकाच मापदंडाबरोबर एकाच दिवशी चालवा.

डीएनए काढायची वेळ आली तर नुसत्या क्लोरोप्लास्टच्या जनुकावर थांबू नका. त्यातून फक्त आई कळते, बाप कळत नाही. केंद्रकातले जनुक घ्या. एका झाडातून एकाच जनुकाचे दोन वेगळे क्रम आले आणि ते दोन वेगवेगळ्या प्रजातींशी जुळले, तर संकराची शंका पक्की होते. एकाच झाडातून, हे नीट ऐका. फुटाळ्याच्या गाळावर दोन प्रजाती एकमेकींत गुंतून वाढतात, चिमटीभर घेतली तर दोन्ही येतात आणि खोटा संकर तयार होतो. त्यापेक्षा एक स्पोअर रुजवून त्यातून वाढलेले झाड वापरणे उत्तम.

हे सगळे जुळले तरी नवे नाव द्यायची घाई नको. तुमचा दुप्पट संचाचा नमुना कदाचित आधीच वर्णिलेल्या एखाद्या प्रजातीचा असेल, नाहीतर तिचाच आणखी एक स्वतंत्र जन्म. नावाआधी रामटेकच्या आणि गोरेवाड्याच्या ओल्या काठांवरूनही नमुने आणून तेच मोजमाप करा, आणि प्रत्येक पाकिटावर तारीख, जागा आणि माती कशी होती ते लिहा.